टेल लॅम्प पाहिला

आमच्या घरात ‘हो’ म्हणायची पद्धत नव्हती. होकार आकड्यात मिळायचा. "अण्णा, बाहेर खेळायला जाऊ?" असं विचारलं की वडील डोळे मिटून क्षणभर गंभीर होत आणि म्हणत, "अठ्ठावीस." मग तो अठ्ठावीस जपून स्वयंपाकघरात न्यायचा आणि आईला सांगायचा. आई फडताळाच्या दारावर आतून चिकटवलेल्या कागदावर अठ्ठावीस शोधायची, पेन्सिलीने खोडायची, आणि मग आम्ही चपला घालायच्या. आकडा विसरलात तर पुन्हा रांगेत. नुसतं "अण्णांनी हो म्हटलंय" हे आमच्याकडे पुरावा म्हणून कुणी घेत नसे.

ही सगळी रेल्वेची कृपा. अण्णा झाँशी आणि बबीन्याच्या मधल्या एका छोट्या स्टेशनवर मास्तर होते. स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे पुढे जे घडलं त्यात स्टेशनाचा काही दोष नव्हता. दोन स्टेशनांचे मास्तर फोनवर बोलत. एकाने ‘लाइन क्लिअर’ मागायची, म्हणजे विचारायचं, "गाडी पाठवू का?" दुसऱ्याने रूळ मोकळा असेल तर नुसतं हो म्हणायचं नाही, आपल्या छापील कागदावरचा एक दोन आकडी नंबर द्यायचा. दोघांनी तो लिहून घ्यायचा. एकदा दिलेला नंबर खोडायचा, तो पुन्हा द्यायचा नाही. नंबर मिळाला म्हणजे पलीकडचा माणूस डोळे उघडे ठेवून बोलला, असं धरायचं. अण्णांना ही रीत इतकी आवडली की त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे घरासाठी तसाच आकड्यांचा कागद केला, उलटेसुलटे आकडे टाकून. आई म्हणायची, "माझ्या माहेरी माणसं बोलत असत. इथे पाढे म्हणतात."

आईचं माहेर झाँशीतलंच, पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेल्या जुन्या मराठी घरांपैकी. ती स्वयंपाकघराला अजून मुदपाक म्हणायची आणि अण्णा तिला हसायचे. अण्णा भुसावळचे. ते कळण्याच्या भाकरीसाठी हळहळायचे आणि आई त्यांना हसायची. मी आणि माझा धाकटा भाऊ विलू आपसात हिंदीच बोलायचो. आईने डोळे वटारले की मराठीत यायचो. विलू तेव्हा सहा वर्षांचा आणि मी अकरा. त्याचं तोंड सकाळी उघडायचं ते झोपेतही नीट मिटत नसे.

"अण्णा, लाडवाला लाइन क्लिअर?"

"किती डब्यांची गाडी आहे?"

"तीन लाडू."

"इतकी लांब गाडी घाटात अडकेल. एकच डबा सोडा. नंबर एकोणचाळीस."

"अण्णा, एक डबा आणि एक इंजिन?"

"इंजिन म्हणजे?"

"छोटा लाडू."

"अहो, द्या की त्याला दोन!" आई आतून ओरडायची. "तुमच्या रेल्वेपायी पोर उपाशी मरेल."

"तुमच्या खात्यात ढवळाढवळ करतो का मी?" अण्णा म्हणायचे, आणि दुसरा नंबर द्यायचे. आम्ही पोट धरून हसायचो.

या खेळातला सगळ्यात मोठा नियम टेल लॅम्पचा होता. गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर लाल दिवा असतो. गाडी स्टेशनातून गेली की मास्तरने तो दिवा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. दिवा दिसला म्हणजे गाडी अख्खी आली, वाटेत एखादा डबा सुटून रुळावर उभा राहिलेला नाही. अण्णा आम्हाला हे इतक्या वेळा सांगत की विलूला झोपेतून उठवून विचारलं तरी तो म्हणायचा, "टेल लॅम्प बघितल्याशिवाय गाडी आलीच नाही." आमच्या घरचा टेल लॅम्प तोच. त्याला त्या पदाचा भारी गर्व होता. फक्त एकदा त्याने जेवताना विचारलं होतं, "अण्णा, शेवटच्या डब्याला वाईट नाही वाटत? सगळे पुढे, तो एकटा मागे?" अण्णा म्हणाले, "अरे, सगळे मास्तर त्यालाच तर बघतात. इंजिनाकडे कोण बघतो?" विलूने मग अर्धी पोळी जास्त खाल्ली.

आम्ही शाळेला झाँशीला जायचो. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, दुपारच्या पॅसेंजरने यायचं. ती पॅसेंजर पुढे बबीन्याच्या लष्करी छावणीकडे जायची, त्यामुळे डब्यात फौजी लोकांच्या बायका, त्यांच्या ट्रंका, भाजीच्या पाट्या, सगळं असायचं. उतरलं की ऑफिसच्या खिडकीशी जाऊन मी सांगायचं, "गाडी पूर्ण आली, टेल लॅम्प पाहिला." अण्णा आतून नंबर द्यायचे. मी तो आईला नेऊन द्यायचा, आईने खोडायचा आणि ताट वाढायचं. विलू शाळेत जायला लागल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. आता माझा नातू पुण्याहून मोबाइलवर अंगठा पाठवतो आणि म्हणतो, "आजी, पोचलो म्हणून कळवलं ना!" अरे, अंगठा कुणाचा आहे हे मला काय माहीत?

थंडीचे दिवस होते. त्या दिवशी शाळेत मला गणिताच्या बाईंनी बाकावर उभं केलं होतं, अख्खा तास. विलूच्या वर्गाच्या खिडकीतून ते दिसलं असणार, कारण पॅसेंजर सुटते न सुटते तोच त्याने डब्याला आकाशवाणी केली, "हमारी दीदी आज बेंच पर खड़ी थीं! पूरा घंटा! दोनों कान पकड़ के!" कान पकडले नव्हते. ते त्याचं स्वतःचं. समोरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकीने मला शेंगदाणे देऊ केले, ते तर फारच लागलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याचा इतका राग आला की आज साठ वर्षांनीही तो राग मला आठवतो. बाकी कुणालाही सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण हा आता घरी जाऊन अण्णांना सांगणार!

गाडी थांबली. आमचा डबा नेहमी इंजिनाजवळचा, फलाटाच्याही पुढे जाऊन उभा राहणारा. दारात मी त्याचं दप्तर धरून त्याला मागे ढकललं आणि म्हटलं, "तू टेल लॅम्प आहेस ना? मग मागेच राहा. माझ्याजवळ आलास तर बघ!" आणि उडी मारून तरातरा चालू लागले. त्याने सांगायच्या आधी मला खिडकी गाठायची होती. मी मागे वळले नाही. वळायचंच नव्हतं मला, खरं सांगायचं तर.

"गाडी पूर्ण आली," मी खिडकीत म्हटलं.

अण्णा हिरवा झेंडा हातात घेऊन दाराकडे निघाले होते. "टेल लॅम्प?"

"पाहिला."

"त्रेसष्ट," ते म्हणाले आणि पॅसेंजर सोडायला बाहेर गेले. पॅसेंजरचा लाल दिवा त्यांनी स्वतः बघितला. घरचा माझ्या भरवशावर सोडला.

आईने त्रेसष्ट खोडला. ताटात बाजरीची भाकरी, गूळ आणि वांग्याची भाजी होती. "विलू कुठंय?" तिने विचारलं. "येतोय मागून," मी तोंडात घास घेऊन म्हटलं. तो रोजच रेंगाळायचा, बोरं वेच, कुत्र्याशी बोल, स्टेशनातल्या हरप्रसादभैयाच्या बिड्या मोजून ठेव. माझं जेवण झालं. आईने त्याची भाकरी झाकून ठेवली, मग पुन्हा उघडून बघितली, मग म्हणाली, "कुंदे, जा बघू. गार होतंय." मी बाहेर आले तर फलाट रिकामा. मालधक्का रिकामा. नळाशी कुणी नाही. कुत्रा एकटाच उन्हात झोपला होता.

मी ऑफिसात धावले. "अण्णा, विलू इकडे आला?"

अण्णांनी मान वर केली. "इकडे कशाला येईल? तू तर गाडी पूर्ण आली म्हणालीस."

"हो, पण तो घरी नाही."

"उतरताना पाहिलास ना?"

आणि मी म्हटलं, "पाहिला." तोंडातून निघून गेलं. खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. मघाशी एकदा जे बोलले होते तेच पुन्हा बोलले, इतकंच. अण्णा थोडे सैल झाले. उतरला आहे म्हणजे इथेच कुठेतरी असणार. त्यांनी हरप्रसादभैयाला हाक मारली. तो आमचा पॉइंट्समन, सांधे बदलणारा, मिशीवाला, विलूचा जिवलग. "मालधक्क्यामागे बघ रे, पोरगं बोरं खात बसलं असेल."

तेवढ्यात फोनची घंटी वाजली. पुढच्या स्टेशनचे तिवारीजी होते. आपली पॅसेंजर तिथे पोचून उभी आहे, असं त्यांनी सांगितलं आणि लगेच मेलसाठी लाइन क्लिअर मागितली. आमच्याकडे रूळ दोन होते. एकावरून गाड्या बबीन्याकडे जायच्या, दुसऱ्यावरून झाँशीकडे यायच्या. ही मेल झाँशीकडे येणारी होती, आमच्या स्टेशनवर न थांबणारी. ती गेली की कपाटावरचे पेले वाजायचे. अण्णांनी नंबरांचा कागद पुढे ओढला. त्यांचं बोट एका आकड्यावर टेकलं. आणि ते थांबले. रिसीव्हर हातानं झाकून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कुंदे," ते अगदी हळू म्हणाले, "तो उतरला, तू डोळ्यांनी पाहिलंस? मला नंबर द्यायचाय."

पाहिला म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण ते बोट आकड्यावर होतं आणि ते माझ्यासाठी थांबलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "नाही पाहिला. मी मागे बघितलंच नाही, अण्णा."

"मग मघाशी नंबर कसा घेतलास?"

"रोज असतोच मागे, म्हणून."

त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी कागद बाजूला सारला आणि रिसीव्हरवरचा हात काढला. "तिवारीजी, नंबर नहीं दूँगा."

फोनमधून तिवारीजींचा आवाज मला उभ्या जागी ऐकू येत होता. "मास्साब, मेल है! मेल!"

"मालूम है. मेरा लड़का नहीं मिल रहा. पता नहीं उतरा कि दरवाज़े से गिरा. आप पैसेंजर में देखिए, आगे का डिब्बा. छह साल का है, नीला स्वेटर. तब तक इस लाइन पर कुछ नहीं आएगा."

दरवाज़े से गिरा! हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी रडायला लागले तर अण्णा म्हणाले, "रडू नकोस. बाकावर बस. विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे." हरप्रसादभैया मालधक्क्यावरून हात हलवत परत आला, तिथे नाही. अण्णांनी त्याला लाल झेंडा दिला आणि रुळांच्या बाजूने बबीन्याच्या दिशेला पिटाळलं. आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात फडताळावरचा तो कागद होता, तसाच फाडून आणलेला. "अहो, त्रेसष्ट तर खोडलाय मी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "त्रेसष्ट खोडलाय ना मी, मग तो नाही असं कसं होईल?" हे आठवलं की आज मला हसू येतं आणि मग लगेच येत नाही. तिला काही सुचेना. कागद टाकून ती हरप्रसादच्या मागे अनवाणी धावली.

मग ऑफिसात मी, अण्णा आणि भिंतीवरचं घड्याळ. सगळ्या गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोल ऑफिसचा फोन आला. मेल का रोखली? "लाइन पर बच्चा होने का अंदेशा है." कुणी पाहिलंय का? "नहीं." मग कशाच्या आधारावर? अण्णा एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "ख़बर पक्की है." पलीकडून बराच वेळ आरडाओरडा झाला. अण्णा फक्त "जी" म्हणत राहिले. मी बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं बधिर झाली. मग तिवारीजींचा फोन. त्यांनी आणि गार्डने सगळे डबे बघितले होते. पोरगा गाडीत नाही.

अण्णांनी रिसीव्हर ठेवला. ते उभे राहिले, मग बसले, मग उगाच दौतीचं झाकण लावलं. ते ऑफिस सोडून जाऊ शकत नव्हते. ज्याचा मुलगा रुळावर हरवला तो माणूस खुर्चीला बांधलेला! मी देवाचं नाव घ्यायला लागले तर मला एकही श्लोक आठवेना. आठवत होतं ते एवढंच की मी त्याला दप्तर धरून ढकललं होतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. आधी आरोळी आली. "मिल गओ! मास्साब, लल्ला मिल गओ!" मग वळणावर हरप्रसादभैया दिसला, खांद्यावर निळा स्वेटर, मागे आई, तिचे पाय रक्ताळलेले. विलूचे खिसे बोरांनी फुगले होते. पुढे कटिंग होतं, दोन्ही बाजूंना उंच दगड आणि मध्ये रुळांचं वळण. तिथे तो झाँशीकडे येणाऱ्या रुळावर बसून पायातला काटा काढत होता. मेलच्या ड्रायव्हरला तो दिसला नसता. हे हरप्रसादभैयाने अण्णांना बाजूला नेऊन सांगितलं, पण मी ऐकलंच.

अण्णांनी त्याला टेबलावर बसवलं, डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. मग विचारलं, "कुठे निघाला होतास?"

"पॅसेंजरच्या मागे."

"का?"

विलूने माझ्याकडे बोट दाखवलं. "दीदीने बोला पीछे रहो. मी दुसऱ्या बाजूने उतरलो आणि उभा राहिलो. मला कोणी बघितलंच नाही. टेल लॅम्प बघितल्याशिवाय गाडी आलीच नाही, तुम्हीच म्हणता ना? तो मैं आया ही नहीं ना!"

हरप्रसादभैया हसता हसता रडायला लागला. अण्णांनी मेलचा नंबर दिला. मेल धडधडत गेली तेव्हा त्यांनी दारात उभं राहून तिचा लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत बघितला, आणि मग भिंतीला टेकले.

त्या दिवसापासून घरातले आकडे बंद झाले. कुणी बंद करा म्हटलं नाही. आईने कागद पुन्हा चिकटवला, पण लाडू मागितला की लाडू मिळायचा, दोन मागितले तर दोन. विलूनेही तीन मागायचं सोडलं. जेवताना भांड्यांचेच आवाज. दुपारी मी विलूचं मनगट धरून खिडकीपाशी जायची. अण्णा खुर्चीतून उठून, वाकून, स्वतः त्याला बघायचे आणि म्हणायचे, "जा घरी." मला काही विचारायचे नाहीत. मार परवडला, ते परवडत नव्हतं. मला वाटायचं, आता हे आयुष्यभर असंच, माझ्या शब्दाला या घरात काही किंमत नाही.

मेल रोखल्याबद्दल अण्णांकडून लेखी खुलासा मागवला गेला. हरप्रसादभैया घरी आला आणि म्हणाला, "हमाओ नाम लिख देओ, मास्साब. हमने लल्ला खों लाइन पे देखो, सो खबर दई. बिन्नू को नाम काय खों लिखत?" बिन्नू म्हणजे मी, आणि माझं नाव कशाला लिहायचं, असं त्याचं म्हणणं. आईलाही ते पटलं होतं. अण्णा म्हणाले, "तू नंतर गेलास रे. नंबर मी आधी नाकारला." आणि रविवारी सकाळी अंगणात पाट घेऊन लिहायला बसले. लिहून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. "वाच. हिंदी चांगलं आहे तुझं. चुका काढ."

मी वाचलं. मुलं सुखरूप उतरल्याची खबर मी स्वतः न बघता मान्य केली, ही चूक माझी आहे, असं आधी होतं. माझं नाव नव्हतं. पुढे होतं, खबर देणाऱ्या व्यक्तीला पुन्हा विचारल्यावर तिने आपली चूक कबूल करून खरं सांगितलं, त्याच आधारावर मी गाडी रोखली, आणि पुन्हा तशी वेळ आली तर त्या व्यक्तीच्या शब्दावर पुन्हा रोखीन.

मला एकही चूक सापडली नाही. अक्षरं दिसतच नव्हती नीट. पुढे अण्णांना ताकीद मिळाली, ती त्यांनी घडी करून ट्रंकेत ठेवली आणि कधी बोलून दाखवली नाही. तो खुलाशाचा कच्चा कागद मात्र मी मागून घेतला, तो अजून माझ्याकडे आहे.

खुलासा लिहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी पॅसेंजरमधून उतरून आम्ही खिडकीशी गेलो. अण्णा रजिस्टरात लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही, उठले नाहीत, विलूकडे बघितलं नाही.

"गाडी?" त्यांनी विचारलं.

मी मागे वळले. विलू होता. शेंबूड, स्वेटर, दप्तर, सगळं होतं. मी त्याच्या डोक्याला हात लावून बघितलं.

"पूर्ण आली," मी म्हटलं. "टेल लॅम्प पाहिला."

"नंबर त्रेसष्ट."

खोडलेला नंबर पुन्हा देत नाहीत, हे अण्णांनीच शिकवलं होतं. मी उभीच राहिले. ते लिहितच होते. "काय झालं? ऐकू नाही आलं? त्रेसष्ट."

मी धावत घरी गेले, विलू माझ्या मागे. "त्रेसष्ट!" मी उंबऱ्यातूनच ओरडले. आईने फडताळ उघडलं, पेन्सिल घेतली, कागदावर बोट फिरवलं आणि थबकली. मग पेन्सिल तशीच हातात धरून दाराशी आली. विलूची हनुवटी वर करून तिने त्याच्याकडे नीट बघितलं, आत गेली, आणि त्रेसष्टवर दुसरी रेघ मारली.

विलू अजून उंबऱ्याच्या बाहेरच उभा होता. "आई," त्याने विचारलं, "आता मी आलो?"

"आलास रे बाळा," आई म्हणाली. "ये, आत ये."